गद्दी कुत्र्यांची डीएनए तपासणी: गाळायला की जोडी लावायला?

काठीघोंगडी

परवा एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. सार असं: हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या राखण्या कुत्र्याची, गद्दी कुत्र्याची, २०२५ मध्ये कर्नालच्या ब्युरोकडे (जनावरांच्या देशी जाती नोंदवणारी सरकारी संस्था) स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, राजपालयम, चिप्पीपराई, मुधोळ या आधी नोंदलेल्या देशी कुत्र्यांच्या पंगतीत तो बसला, आता प्रत्येक कुत्र्याची डीएनए चाचणी सक्तीची करा, ज्याच्यात दोष निघेल किंवा जो 'शंभर टक्के शुद्ध' ठरणार नाही त्याची नसबंदी करा, आणि पाच उत्तम नर निवडून वंश वाढवा. खाली टाळ्यांचा पाऊस.

अहो, पाच नर? गणित करा की. पाच नर आणि शंभर माद्या धरल्या तर वंशाच्या दृष्टीने परिणामकारक संख्या (चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण) येते ४×५×१०० भागिले १०५, म्हणजे जेमतेम १९. दिसायला एकशे पाच कुत्री, पण आनुवंशिक विविधता एकोणीस कुत्र्यांच्या कळपाच्या वेगाने आटणार, दर पिढीला अडीच टक्क्यांहून जास्त. पन्नासच्या खाली जाऊ नये हा जगभरचा साधा अंगठेनियम आहे.

आणि 'दोष' म्हणजे नक्की काय? एसओडी१ जनुकातला बदल घ्या. त्यातून म्हातारपणी मागचे पाय लुळे पडतात. पण ज्याच्याकडे त्याची एकच प्रत आहे तो वाहक, आजारी नव्हे. वाहक आणि स्वच्छ (तो बदल नसलेला) अशी जोडी लावली तर सरासरी निम्मी पिल्लं वाहक निघतील, दोन प्रतींचं एकही नाही. दोन वाहक एकत्र आणले तरच चारांत एक धोक्यात, आणि दोन प्रती असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही. मग वाहकाची नसबंदी कशासाठी? त्याच्यासोबत बिबट्याला अडवणारी छाती, उंचीवर टिकणारं रक्त, सगळंच जातं. तिबेटी मॅस्टिफला उंचीवर तगवणारा ईपीएएस१ जनुकातला बदल तिबेटी लांडग्याकडून आलाय. गद्दीत असं काय काय दडलंय ते नीट शोधायच्या आधीच कात्री घेऊन निघालात.

चाचणी करा, जरूर करा. पण जोडी लावायला. गाळायला नव्हे.

स्वच्छवंश

ती पोस्ट माझीच. गणित शिकवल्याबद्दल आभारी आहे, पण जमिनीवर काय चाललंय तेही बोला. थंडीत कळप कांगडा, ऊना, बिलासपूरच्या बाजूला खाली उतरतात. तिथे गावठी आणि जर्मन शेफर्डच्या नरांकडून माद्या गाभण राहतात, आणि ती पिल्लं 'अस्सल गद्दी' म्हणून विकली जातात. जातीची नोंद झाली की भाव चढतो, भाव चढला की बनावट माल येतो. पाच नर हा आकडा जास्त कडक झाला असेल, मान्य. पण चाचणी नको म्हणणारे विक्रेत्यांच्याच पथ्यावर पडतात.

पिपेट

चाचणी नको असं कुणीच म्हटलेलं नाही, वरचं परत वाचा. पण 'शुद्धता किती टक्के' हे सांगणारं जनुक नसतं. बाजारातली किट तुमच्या कुत्र्याची तुलना त्यांच्याकडच्या संदर्भ जातींशी करतात. गद्दी त्या यादीत नसेल तर यंत्र गप्प बसत नाही. जवळची नावं जोडून देतं. थोडा तिबेटी मॅस्टिफ, थोडा अमुक शेफर्ड, उरलेला 'गावकुत्रा'. त्या कागदावर नसबंदी ठरवणार? आधी भरमौर, पांगी, लाहौलकडच्या कळपांतून, एकमेकांशी नातं नसलेली कुत्री निवडून संदर्भसंच बांधावा लागतो. एकाच वाड्याची दहा भावंडं घेतलीत तर सगळी गद्दी जात म्हणजे तेच कुटुंब असं यंत्राला वाटेल.

बनावट माल पकडायचा तर पालकत्व चाचणी करा. वीस-एकवीस मायक्रोसॅटेलाइट खुणा (डीएनएतले कुत्र्यागणिक बदलणारे छोटे तुकडे), आई, संशयित बाप आणि पिल्लू. आणि प्रत्येक पिल्लाचा नमुना घ्या, एकाचा नव्हे, कारण मोकळ्या कळपात एकाच वेतात दोन बाप निघू शकतात.

नमुन्याबद्दलही सांगतो, कारण अर्धे निकाल इथेच वाया जातात. ओठ बाजूने वर करायचा, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत काडीचा कापूसबोळा दाबून तीस सेकंद फिरवायचा, गोल फिरवत. नुसती लाळ पुसून भागत नाही, पेशी खरवडून यायला हव्यात. दुसऱ्या गालाला दुसरा बोळा. आधी अर्धा तास खाणं-पाणी बंद. दूध पिणारं पिल्लू असेल तर आईपासून तासदोन तास वेगळं ठेवा, नाहीतर आईच्याच पेशी त्याच्या तोंडात सापडतात. ही कुत्री एकाच भांड्यात ताक-भाकर चाटतात, एकमेकांची तोंडं चाटतात, म्हणून एकेकाला बांधून घ्या. बोळा हवेत पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओला कोंबलात की बुरशी.

त्यापेक्षा डोंगरात रक्ताचे थेंब एफटीए कार्डवर (डीएनए जपून ठेवणारा कागद) घेणं उत्तम. वाळलं की बर्फाची पेटी नको, फ्रीज नको. नळीतच घ्यायचं तर ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन), जांभळ्या टोपणाची. हिरव्या टोपणाची घेऊ नका, तिच्यातलं हेपॅरिन पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची क्रिया, अडवतं.

लातूरकर

गद्दीचं कौतुक चाललंय, चांगलंय. आमच्या कारवानचं काय? केनेल क्लब त्याला कॅरॅव्हॅन हाउंड म्हणतो, ब्युरोत मुधोळ म्हणून नोंद. मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या पाळलेलं कुत्रं आणि नाव कर्नाटकातल्या गावाचं!

काठीघोंगडी

लातूरकर, तो वेगळा धागा काढा, येतो भांडायला. शिकारी कुत्रं आणि राखण्या कुत्रं एकाच दावणीला बांधू नका.

डॉ. रानवैद्य

एका मुद्द्याकडे कुणीच बघत नाही. मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी एमडीआर१ चाचणी सगळ्यात आधी हवी. हे जनुक काही औषधांना मेंदूबाहेर ठेवतं. त्यातली चार अक्षरं गळालेली असली की आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक मेंदूत शिरतं. बाहुल्या मोठ्या, लाळ, झोकांड्या, मग बेशुद्धी. कोली वंशात हे जास्त, पण जर्मन शेफर्डमध्येही सापडतं, आणि खालच्या पट्ट्यात शेफर्डचा संकर होतो हे वर 'स्वच्छवंश' यांनीच सांगितलं.

स्वच्छवंश

बघा, डॉक्टर माझ्याच बाजूने!

पिपेट

घाई नको. एमडीआर१ म्हणून सांगितली जाणारी बरीच पिल्लं सिरिंजने मारलेली असतात. मेंढ्यांना देतात ते एक टक्क्याचं इंजेक्शन, म्हणजे एका मिलीत दहा मिलिग्रॅम. मेंढीचा डोस ५० किलोला एक मिली. पस्तीस किलोच्या कुत्र्याला त्याच हिशेबाने ०.७ मिली. पण सगळ्या मेंढ्या झाल्या की उरलेलं 'एक सीसी' कुत्र्याला आणि एक सीसी चार किलोच्या पिल्लालाही! म्हणजे किलोला अडीच मिलिग्रॅम, मेंढीच्या डोसच्या साडेबारा पट. त्याला जनुकीय दोष लागतच नाही.

डॉ. रानवैद्य

पिल्लाचं बरोबर आहे. पण दोन सदोष प्रती असलेला मोठा कुत्रा मेंढीच्या डोसलाही (किलोला ०.२ मिलिग्रॅम) आडवा होऊ शकतो, किलोला ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे धोका सुरू. हार्टवर्मसाठी (हृदयातला कृमी) महिन्याला देतात तो डोस किलोला ०.००६ मिलिग्रॅम, म्हणून तो चालतो. औषधाचं नाव एकच, पण मेंढीची मात्रा त्याच्या तीसपट. आणि फक्त आयव्हरमेक्टिन नाही. जुलाब लागले म्हणून माणसांची लोपेरामाइड गोळी दिली, टाके घालताना गुंगीचं एसेप्रोमाझिन नेहमीच्या मात्रेत टोचलं, तरी तोच प्रकार. उतारा नाही. लिपिडचं (स्निग्ध द्रावाचं) सलाइन आणि दिवसेंदिवस शुश्रूषा.

उन्हाळी कुरण

दोघेही आयव्हरमेक्टिनवर भांडताय, आणि ज्यासाठी कुत्र्याला जंतनाशक द्यायला हवं त्या फीतकृमींवर ते चालतच नाही! कापलेल्या मेंढीचं कच्चं फुफ्फुस, यकृत कुत्र्यापुढे टाकतात, त्यातून हायडॅटिडचा कृमी. कच्चं डोकं टाकलं की गिडचा; मग मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरते आणि मेंढपाळ म्हणतो नजर लागली. हायडॅटिड माणसालाही होतो, यकृतात पाण्याची गाठ. इलाज प्राझिक्वाँटेल, किलोला पाच मिलिग्रॅम. पस्तीस किलोला पन्नासच्या साडेतीन गोळ्या, दर सहा आठवड्यांनी, कारण एवढ्यातच नवा कृमी अंडी टाकायला लागतो. फलटणकडून कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या कुत्र्यांनाही हेच लागू.

स्वच्छवंश

धागा जनुकांचा होता, आता कृमींवर आलो. उद्या गोचीड.

उन्हाळी कुरण

गोचीडसुद्धा सांगते, थांबा. डिस्टेंपर आणि पार्व्होची लस न दिलेल्या पिल्लाचा डीएनए अहवाल फ्रेम करून लावणार आहात का? एका चाचणीच्या पैशांत किती कुत्र्यांची लस होईल ते मोजा आधी.

स्वच्छवंश

लस द्या हो, कोण अडवतंय! लस देऊन जगवलेला संकर संकरच राहतो. तुम्हा सगळ्यांना काहीच गाळायचं नाही, म्हणजे पंधरा वर्षांनी 'गद्दी' नावाचं काळं केसाळ काहीतरी उरेल.

काठीघोंगडी

गाळायचं आहे, पण कामावर. राखण्या कुत्र्याची परीक्षा कळपात होते: मेंढ्यांत झोपतो का, कोकराला दात लावत नाही ना, बिबट्याच्या वासाला मागे सरतो की पुढे. गळ्यातला खिळ्यांचा लोखंडी पट्टा बिबट्याचे दात मानेपासून दूर ठेवतो, बाकीचं काळजाने करायचं असतं. त्याचं जनुकीय पॅनेल अजून कुणी विकत नाही. खुब्याचंही तसंच. खुब्याच्या सांध्याचा दोष अनेक जनुकांचा, त्याला एक्स-रे लागतो, बोळा नाही.

स्वच्छवंश

खुब्याचा दोष दिसेपर्यंत नराने तीन हंगाम वाटून दिलेला असतो, काळीज बघत बसा! बरं, पालकत्व चाचणी तरी सक्तीची करा. एवढ्यावर तुमची हरकत नसावी, महाराज.

काठीघोंगडी

नोंदणी करून विकायच्या पिल्लांसाठी सक्ती करा, हात वर. आणि सख्खी भावंडं किंवा बाप-लेक अशी जोडी लागली तर पिल्लांचा आंतरप्रजननाचा गुणांक (एकाच पूर्वजाची तीच जनुकप्रत आई आणि बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता) थेट २५ टक्के, सावत्र भावंडांना साडेबारा, हे मेंढपाळाला समजेल अशा भाषेत सांगायची जबाबदारी चाचणीवाल्यांची. मेंढपाळाच्या स्वतःच्या कुत्र्यावर सक्ती नको, तो कुत्रा लपवेल.

पिपेट

मग नमुने शरद ऋतूत घ्या, घाट उतरून कळप रस्त्याला लागतात तेव्हा. वर उन्हाळी कुरणात एकेक वाडा गाठताना दिवस जातो. कार्डावर कुत्र्याचं नाव नुसतं 'शेरू' लिहू नका, दर तिसरा शेरूच असतो. मायक्रोचिप नसेल तर मालक, वाडा, डाव्या-उजव्या बाजूचा फोटो, छातीवरचा पांढरा ठिपका.

डॉ. रानवैद्य

आणि त्याच फेरीत ताणकाटा न्या. शेरूला आधी तोला, मग सिरिंज भरा.