पोस्टर लक्षात राहतं ते चेहऱ्यांमुळे की अक्षरांमुळे?

डावीकडचा_प्रोजेक्टर
परवा पुतणीला मोबाईलवर सिनेमाची जुनी पोस्टरं दाखवत बसलो होतो. बारा वर्षांची पोरगी, अमिताभ तिला केबीसीवाला म्हणून माहीत. गंमत म्हणून शोलेच्या पोस्टरवरचे सगळे चेहरे अंगठ्याने झाकले आणि नुसतं टायटल दाखवलं, ती खडकातून फोडून काढल्यासारखी जाडजूड अक्षरं, तर म्हणते काका हा मारामारीचा असणार. मग दिवसभर मला तोच उद्योग, चेहरे झाकायचे आणि अक्षरं बघायची, आणि आता माझं ठाम मत झालंय की पोस्टर डोक्यात बसतं ते टायटलच्या लेटरिंगमुळे. हिरो-हिरॉइन नंतर.

बघा ना, हिरोचा चेहरा वर्षाला पाच-सहा पोस्टरांवर असायचा, तोच चेहरा, तेच केस, तोच शर्ट उघडा. त्या एकाच सिनेमाचं असं काय असायचं, तर अक्षर. आणि हिंदी पोस्टरवर तर नाव इंग्रजी, देवनागरी, उर्दू अशा तीन लिप्यांत असायचं, म्हणजे आर्टिस्टला एकच मूड तीनदा काढायचा, एकीला डोक्यावर रेघ, दुसरीला नाही, तिसरी उलट्या बाजूने चाललेली, आणि तिघी सख्ख्या बहिणी दिसल्या पाहिजेत. सत्यजित राय स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः करायचे, आधी जाहिरात कंपनीत काम केलेला माणूस, अक्षरांचा नाद इतका की रे रोमन नावाचा इंग्रजी टाइपफेससुद्धा काढून ठेवला.

आता हिंदी पोस्टरवर देवनागरी भिंग घेऊन शोधावी लागते, आणि वर सात मुंडकी हवेत तरंगतायत, मोठ्या स्टारचं मोठं मुंडकं, छोट्याचं छोटं, फॅमिली फोटोत उंचीप्रमाणे उभं करतात तसं.

पटत नसेल तर बोला, पण उदाहरण देऊन बोला.

अबकड
पुतणीला इंग्रजी वाचता येतं ना? मग "ओळखलं" काय त्यात 😄

डावीकडचा_प्रोजेक्टर
वाचता येतं पण शोले म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं हो, मारामारी तिला अक्षराच्या जाडीवरून कळली. हाच तर मुद्दा आहे.

खळ_बादली
अजिबात पटलं नाही. मी बारावीनंतर दोन वर्षं तालुक्याच्या टॉकीजला पोस्टर चिकटवायचं काम केलंय. सायकलच्या हँडलला बादली, बादलीत मैद्याची खळ, त्यात किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. तर मोठं पोस्टर यायचं तुकड्यांत, वर चेहरे, खालच्या तुकड्यावर टायटल. भिंतीवर चिकटवलं की दुसऱ्या दिवशी शेळ्या हजर, त्यांना खळ आवडते, मागच्या पायावर उभ्या राहून जिथपर्यंत तोंड पोचेल तिथपर्यंत कागद खाऊन टाकायच्या. म्हणजे पहिलं काय जायचं? तुमचं टायटल. मालक एकदा म्हणाला मोरचूद वाढव, म्हटलं नको, कुणाची शेळी मेली तर भरपाई माझ्या पगारातून कापशील. चार दिवस भिंतीवर नाव नसलेलं पोस्टर, नुसते चेहरे, आणि तरी पब्लिक यायचं. शुक्रवारी कुणी विचारलं नाही की बाबा या सिनेमाचं नाव काय.

दुसरं म्हणजे आपल्याकडे पोस्टर काढणारी माणसं कोण होती ते बघा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर आधी संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, शेवटच्या रांगेतल्या माणसाला राजवाडा राजवाडा वाटला पाहिजे या हिशोबाने ब्रश चालवायचे. १९२४ च्या कल्याण खजिनाचं पोस्टर, जे आपल्याकडचं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं मानतात, ते याच कोल्हापुरातून आलेलं. पुढे मुघल-ए-आझमची पोस्टरं केली जी. कांबळेंनी, तेही कोल्हापूरचेच, आणि शिवाजी महाराजांचं जे चित्र आज सरकारी कचेऱ्यांत बघता तेही त्यांचंच. ही सगळी चेहऱ्याची माणसं. डोळ्यातलं पाणी काढणारी. अक्षर काय, ते पोटापाण्यासाठी कुठल्याही बोर्ड पेंटरला येतंच.

काना_मात्रा
"अक्षर कुठल्याही बोर्ड पेंटरला येतंच" 🙂 दादा मी लेटरिंग करते, पंधरा वर्षं झाली, एकदा "श्री" काढून बघा आणि मग बोलू. काना किती खाली न्यायचा, वेलांटी पुढच्या अक्षरावरून घ्यायची की आपल्याच डोक्यावर थांबवायची, शिरोरेषा सलग ठेवायची की तोडायची, यातलं एक जरी चुकलं तरी "प्रेम"चा "प्रेत" वाटतो.

पेपरात नाटकांच्या जाहिराती यायच्या आठवतायत? इवलीशी जागा, बऱ्याचदा फोटो नाही काही नाही, नुसतं नाटकाचं नाव, आणि ते कमल शेडगेंनी काढलेलं असलं की पान उलटताना नाटक विनोदी आहे का रडवणारं ते आधी कळायचं, नाव नंतर वाचलं जायचं. २०२० मध्ये गेले ते. त्यांच्या कामाने मराठी माणसाच्या डोळ्याला जी सवय लावली ती सिनेमाच्या पोस्टरवाल्यांनाही पुरली.

पण प्रोजेक्टर, तुमचंही अर्धंच पटलं. अक्षर आणि चित्र वेगळं काढून तोलताच येत नाही. अमेरिकन डिझायनर सॉल बासचं अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डरचं पोस्टर घ्या, १९५९. माणसाच्या आकाराचे कापलेले तुकडे आणि त्या तुकड्यांवरच नाव, कात्रीने कापल्यासारखं वाकडंतिकडं. अंगठ्याने काय झाकणार तिथे? अक्षर झाकलंत तर चित्र अर्धं, चित्र झाकलंत तर अक्षर हवेत लटकलं.

आणि हल्ली जे खटकतं ते मुंडक्यांपेक्षा वेगळं आहे. क्लायंट म्हणतो फॉन्टच वापरा, लेटरिंगला वेळ नाही. फॉन्ट टाकला की सॉफ्टवेअर जोडाक्षर फोडतं, हलन्त लोंबत राहतो, आणि तसंच छापून बसस्टॉपवर लागतं. मी एका सिनेमाच्या पोस्टरवर असं दोनदा लाल शाईने गोल करून पाठवलं, उत्तर आलं "मॅडम कोण बघतंय". तिसऱ्यांदा पाठवलं नाही.

अबकड
नाटकाच्या जाहिराती आणि सिनेमाचं पोस्टर एक नाही. जाहिरात तुम्ही चहा पीत वाचता, पोस्टर एसटीच्या खिडकीतून तीन सेकंद दिसतं. जॉज घ्या. १९७५. खालून वर येणारं ते अक्राळविक्राळ तोंड आणि वर पोहणारी इवलीशी बाई. रॉजर कास्टेलने मुळात पुस्तकाच्या कव्हरसाठी काढलेलं चित्र, तेच पुढे पोस्टरवर गेलं आणि मूळ पेंटिंग हरवलं ते हरवलंच. जगात कुणालाही दाखवा, ओळखतो. अक्षरं कसली होती सांगा बघू, न बघता.

डावीकडचा_प्रोजेक्टर
लाल. वरच्या बाजूला. ठसठशीत.

अबकड
बघून आलात.

डावीकडचा_प्रोजेक्टर
नाही आलो 😄 बरं जरा बघून आलो.

सोनचाफा
तुमच्या सगळ्यांच्या घरी आज्या शिकलेल्या होत्या वाटतं. माझी आजी निरक्षर होती, आणि ती एकटी नव्हती, १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, म्हणजे मदर इंडिया १९५७ ला लागला तेव्हा भिंतीपुढे उभ्या राहणाऱ्या बहुतेक माणसांना तुमच्या तीन बहिणींपैकी एकही वाचता येत नव्हती. मग पोस्टर कुणासाठी होतं? आजीच्या तोंडी सिनेमांची नावंच नव्हती. मदर इंडियाला ती "नांगरवाली" म्हणायची, कारण पोस्टरवर नर्गिस, खांद्यावर नांगर, चेहरा असा पिळवटलेला. आम्ही हसायचो की अगं आजी नर्गिस म्हण, मदर इंडिया म्हण, तर म्हणायची मला काय करायचंय नावाशी, बाई नांगर ओढतेय एवढं कळलं की पुरे. मला वाटतं पोस्टर काढणाऱ्यालाही तेवढंच सांगायचं होतं.

प्रोजेक्टर यांनी याच्यावर बोलावं.

स्टॉलचं_तिकीट
तुम्ही चेहरा-अक्षर चेहरा-अक्षर करत बसलाय आणि रंगाचं कुणी नावच काढत नाही. बहुतेक सिनेमे ब्लॅक अँड व्हाइट असायचे हे विसरलात का? पेंटरच्या हातात स्टुडिओतून यायचे ते काळेपांढरे स्टिल फोटो. साडी लाल की हिरवी, आभाळ जांभळं की पिवळं, हिरोच्या गालावर निळा पट्टा का, हे सगळं त्याच्या मनाने. मुघल-ए-आझम घ्या, काही भाग सोडला तर सिनेमा काळापांढरा आणि पोस्टर बघा, तेलरंगात न्हालेलं. म्हणजे लोकांनी सिनेमाचा रंग आधी भिंतीवर बघितला आणि थेटरात गेल्यावर तो मनातल्या मनात भरून घेतला, माझा बाप शपथेवर सांगायचा की त्याने बघितलेला एक सिनेमा रंगीत होता, आम्ही सीडी आणून दाखवली तेव्हा दोन दिवस बोलला नाही.

आणि पुढे रंगीत सिनेमे आल्यावरही. दिवाकर करकरे, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे, त्यांचं दीवारचं पोस्टर बघा. ब्रशपेक्षा नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने, रंग ओढायचे, चेहऱ्यावर रंगाचे जाड थर, जवळून बघितलं तर नुसता चिखल आणि रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर तापलेला माणूस. अँग्री यंग मॅन म्हणतात तो निम्मा लेखकांनी केला, निम्मा या नाइफने.

बाकी जुनं ते सोनं वगैरे म्हणणार असाल तर मी त्यात नाही. निम्मी जुनी पोस्टरं भयंकर होती. हिरो ओळखू यायचा नाही, हिरॉइनची मान खांद्याला नीट जोडलेली नसायची, व्हिलनच्या हातातली पिस्तूल हातात नसून हाताशेजारी. जी चांगली होती ती जपली गेली म्हणून सगळी चांगली वाटतात. हातानेच रंगवलेलं बघायचं होतं तर ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजला शेख रेहमान आताआतापर्यंत पोस्टरं रंगवत होते, किती जण गेलात बघायला? मीही नाही गेलो, खोटं कशाला बोलू.

खळ_बादली
हाताशेजारची पिस्तूल 😂 हे खरंय. आमच्याकडे आलेल्या एका पोस्टरवर हिरोला दोन डावे हात होते. मालकाला दाखवलं तर म्हणाला चिकटव, शेळ्या खातील.

काना_मात्रा
तिकीट, रंगाचं पटलं. पण रंगही अक्षराला लागतोच ना. पिवळ्यावर लाल काढलं आणि काळी किनार दिली की अक्षर भिंतीपासून चार बोटं पुढे आल्यासारखं दिसतं. तो रंगसुद्धा अक्षरवाल्याचाच.

स्टॉलचं_तिकीट
आता उद्या म्हणाल खळ पण अक्षरवाल्याची.

डावीकडचा_प्रोजेक्टर
सोनचाफा, तुमच्या आजीने मला दोन दिवस गप्प बसवलं. खरं सांगायचं तर वाचता न येणाऱ्या माणसाचा मी विचारच केला नव्हता, माझ्या डोक्यात पोस्टर बघणारा म्हणजे मीच, शाळेतून येताना दप्तर सांभाळत टायटल मोठ्याने वाचणारा. तर मागे घेतो. म्हणजे अर्धं. चेहरे नंतर असं जे लिहिलं होतं ते मागे, अक्षराचं मात्र नाही घेत.

एकच विचारतो, भांडायला नाही. आजीला खाली काहीतरी लिहिलेलं आहे हे तर दिसत असणार ना? त्याला त्या काय म्हणायच्या?

सोनचाफा
मला आठवेना म्हणून आईला फोन केला. आई म्हणाली "खालची नक्षी". पोस्टर बघून आली की सांगायची, आज नांगरवालीच्या शेजारी नवीन लागलंय, बाई रडतेय आणि खाली नक्षी मोठी झोकदार आहे.

डावीकडचा_प्रोजेक्टर
झोकदार!!! बघितलंत ना? वाचता येत नव्हतं तरी अक्षराचं वळण बघत होत्या. मी जे मागे घेतलं ते परत पुढे घेतो.

काना_मात्रा
"खालची नक्षी" हे मी माझ्या टेबलावर लिहून लावतेय. आजींना नमस्कार सांगा, म्हणजे आईंना.

अबकड
एका शब्दावर केस जिंकल्यासारखं काय नाचताय. रडणारी बाई आधी आली, नक्षी नंतर. क्रम बघा.

खळ_बादली
नक्षी आमच्या शेळ्यांना पण आवडायची.