मानमंदिराची दक्षिण भिंत जूनमध्ये अशी का दिसते?

लष्करकर:
नमस्कार. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर या राजवाड्याच्या दक्षिण बाजूची छायाचित्रे मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास काढली. निळ्या टाइलवरची पिवळ्या बदकांची रांग डोळ्यांना ठसठशीत दिसत होती. छायाचित्रात मात्र प्रत्येक कंगोऱ्याखाली काळे ओघळ उतरल्यासारख्या सावल्या आल्या आणि निळा रंग पांढुरका पडला. त्याच दिवशी सकाळी सात वाजता गेलो होतो, तेव्हा भिंतीवर ऊनच नव्हते. चूक सेटिंगमध्ये आहे की वेळेत?

किल्लेफिरस्ता:
चूक महिन्याची आहे. ग्वाल्हेर साधारण 26 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जूनमध्ये येथे सूर्य ईशान्येकडून उगवतो, त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला तो सकाळभर पाठमोराच असतो. भिंत नेमकी दक्षिणाभिमुख धरली, तर साडेदहाच्या सुमारास तिला पहिले ऊन लागते आणि दोनच्या आसपास ते सरते. त्या वेळात सूर्य जवळजवळ डोक्यावर, मध्यान्ही तर 87 अंशांवर असतो. इतक्या उभ्या उन्हात इंचभर पुढे आलेल्या कंगोऱ्याची सावली सुमारे वीस इंच खाली उतरते. आपण ज्यांना ओघळ म्हणता ते हेच. डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य 40 अंशांवरच असतो, म्हणून त्याच कंगोऱ्याची सावली इंचापेक्षाही थोडी आखूड पडते. शिवाय तेव्हा तो आग्नेयेकडून उगवत असल्याने सकाळचे पहिले ऊन भिंतीला घासून जाते आणि नक्षीची प्रत्येक कड उठून दिसते. माझ्या मते या भिंतीसाठी डिसेंबरसारखा महिना नाही.

पूर्वेची बाजू मात्र वेगळी आहे. तेथील गोल बुरुजांवर ऊन समोरून पडले की ते पुठ्ठ्यासारखे सपाट दिसतात. ऊन बाजूने आले तरच उजेडाकडून अंधाराकडे जाणारी छटा गोलाई दाखवते. म्हणून तेथे कोवळे ऊन असले तरी ते कोणत्या बाजूने येते हे आधी पाहावे.

वाडाप्रेमी:
वरील उत्तर कोरीवकामाला तंतोतंत लागू पडते. टाइलविषयी मात्र माझे मत थोडे निराळे आहे. दगडाला सावली हवी, रंगाला ती नको. टाइलच्या झिलईवर आकाश उमटते आणि त्या चकाकीखाली निळा रंग फिका पडतो. भिंतीसमोर थेट उभे न राहता तिरके उभे राहून पोलरायझर (चकाकी कापणारा, लेन्सवर बसवायचा फिल्टर) हळूहळू फिरवला, की एका जागी चकाकी विरते आणि निळा एकदम खोल होतो. पातळ ढगाचा दिवस मिळाला तर फारच उत्तम.

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातल्या अरुंद गल्ल्यांत तर ऊन घरांच्या दगडी जाळीपर्यंत पोहोचतच नाही, तेथे समोरच्या भिंतीवरून परतलेला उजेड कामी येतो. एकदा दगडी सज्जाचे छायाचित्र हिरवट आले, म्हणून मी पुष्कळ वेळ व्हाइट बॅलन्सशी (कॅमेऱ्याच्या रंगछटेच्या सेटिंगशी) झटापट केली. नंतर लक्षात आले, की समोरच्या घराला नुकताच पोपटी रंग दिला होता. फिकट वालुकाश्माची भिंत समोर असली, की हाच उजेड उबदार होऊन येतो.

लष्करकर:
आपणां दोघांचे मनापासून आभार. डिसेंबरअखेर जाण्याचे ठरवतो, पण तेव्हा धुके असते. त्या दिवशी परत फिरावे का?

किल्लेफिरस्ता:
मुळीच नाही. धुके असेपर्यंत वाडाप्रेमींनी सांगितल्याप्रमाणे टाइलची जवळची छायाचित्रे घ्यावीत, कारण त्या मंद उजेडात बदकांच्या रांगेवर एकही सावली नसेल. धुके विरताना सुरुवातीला सावल्यांच्या कडा मऊ असतात. ती काही मिनिटे संपूर्ण भिंतीसाठी राखून ठेवावीत, ट्रायपॉड आधीच लावून ठेवावा आणि एक्स्पोजर उजळ दगडावर बेतावे, कारण सावलीतला तपशील रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमधून) बराचसा वर काढता येतो, पांढरा पडलेला दगड मात्र परत मिळत नाही.