मदत हवी आहे: पार्टटाइम काम धरलं तर महाडीबीटीची शिष्यवृत्ती जाते का? (तातडीचं)

खाडीपलीकडची
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. महाडीबीटीच्या (सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलच्या) प्रोफाइलमध्ये 'तुम्ही पगारदार आहात का' असा प्रश्न आहे. मला घणसोलीला एका क्लासमध्ये संध्याकाळी शिकवायचं काम मिळतंय, महिना १२,००० म्हणालेत. 'हो' टाकलं तर शिष्यवृत्ती जाणार का? 'नाही' टाकलं आणि उद्या खात्यात पैसे दिसले तर? कॉलेजच्या खिडकीवर विचारलं, तर "मॅडम, प्रोफाइल तुमची, तुम्हीच भरा" एवढंच उत्तर मिळालं. क्लासवाल्यांना सोमवारपर्यंत सांगायचंय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. 'चौकशी करून बघा' सांगू नका, करूनच इथे आलेय.

तुर्भेकर
कुठली शिष्यवृत्ती? महाडीबीटीवर ढीगभर योजना आहेत. कोर्स कुठला, प्रवर्ग कुठला, लग्न झालंय का, घरचं उत्पन्न किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि उत्तर मात्र नक्की हवंय.

मधुमालती
ताई, अभिनंदन आधी! या वयात (वय लिहिलं नाहीत, पण 'मॅडम' म्हणाले म्हणजे अंदाज आला) पुन्हा शिकताय, कौतुक आहे.

जाणकार७१
स्वानुभव सांगतो. माझा भाचा ठाण्यात शिकायला होता, स्वाधार योजनेतून त्याला पैसे मिळायचे. रात्री एका गोडाऊनला काम धरलं, कोणीतरी तक्रार केली, सगळे पैसे परत मागितले. तेव्हा ताई, काम विसरा. सरकारचे पैसे घ्यायचे आणि वर कमवायचंही, हे चालत नाही.

तुर्भेकर
जाणकार काका, स्वाधार वेगळी. ती अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवणखाण, राहणं यासाठी असते, ठाणे-नवी मुंबईत वर्षाला ६०,००० पर्यंत. शिकताना नोकरी-व्यवसाय केला तर वसुली, अशी अट त्या जीआरमध्येच आहे. ती सगळ्यांना लावू नका. धागाकर्तीने अजून योजनाच सांगितलेली नाही.

खाडीपलीकडची
सांगते. बीएड, पहिलं वर्ष, ठाण्यातलं कॉलेज. ओपन. ती मुलींना फी माफ असते ती योजना. वय ३८. आता सांगा.

लेखनिक
मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासतो (तुमच्या नाही). तुमची योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. आधी यात निम्मी फी मिळायची, जुलै २०२४ च्या जीआरनंतर मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. विकास शुल्क वगैरे यात येत नाही, ते भरावं लागतं. आता दोन गोष्टी सांगा. प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) की इन्स्टिट्यूट लेव्हल, म्हणजे थेट कॉलेजकडून? आणि उत्पन्नाचा दाखला कुठल्या वर्षाचा आहे?

अण्णा_कोपरी
३८ म्हणजे ग्रॅज्युएशन होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असणार. दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप असेल तर महाडीबीटी चालत नाही. पार्टटाइम सोडा, अर्जच बाद होईल. आधी हे बघा.

लेखनिक
अण्णा, दोन वर्षांची अट *कोर्स चालू असतानाच्या* खंडाला आहे. म्हणजे पहिलं वर्ष करून तीन वर्षं घरी बसलं तर. कोर्सच्या आधीच्या गॅपला नाही. त्याला गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, संपलं. हे ऐकून दरवर्षी चार-दोन बायका अर्जच भरत नाहीत, म्हणून जरा जोरात लिहितोय.

खाडीपलीकडची
कॅप, दुसरा राउंड. गॅपचं प्रतिज्ञापत्र दिलंय. दाखला २०२४-२५ चा, ३,३६,००० चा. यजमान महापे एमआयडीसीत आहेत, त्यांचा पगार. माझं मागच्या वर्षी काहीच उत्पन्न नव्हतं.

नवी_पहाट
लग्न झालेल्या बाईचं वडिलांचं उत्पन्न धरतात. नवऱ्याचा दाखला चालणार नाही. माझ्या नणंदेला माहेरून सगळी कागदं आणायला लागली होती.

तुर्भेकर
ते नॉन-क्रिमीलेअरसाठी, म्हणजे ओबीसी वगैरेंना आरक्षणासाठी लागणाऱ्या उत्पन्नमर्यादेच्या दाखल्यासाठी. ओबीसी असेल तर वडिलांकडची कागदं लागतात. ही बाई ओपन आहे, नॉन-क्रिमीलेअरचा संबंध काय?

नवी_पहाट
मी फक्त अनुभव सांगितला. माझ्या नणंदेचं काम झालं त्या दाखल्यावर.

सरळमार्गी
दाखल्यावरून एक. ऐरोली-घणसोलीकडच्यांना पनवेल तहसीलला जावं लागतं, तिथे गर्दी फार. सकाळी लवकर जा.

तुर्भेकर
देवा. पनवेल रायगड जिल्ह्यात. ऐरोली, घणसोली, वाशी, बेलापूर ठाणे तालुक्यात, दाखला ठाणे तहसीलचा. खारघर, कामोठेवाल्यांनी पनवेलला जायचं. आणि तिचा दाखला हातात आहे, विचारलाय कोणी?

लेखनिक
मग सरळ आहे. २०२५-२६ च्या अर्जाला २०२४-२५ चं उत्पन्न बघतात. तुम्ही आत्ता मिळवाल ते या दाखल्यात येतच नाही. ते येईल पुढच्या वर्षीच्या दाखल्यात, दुसऱ्या वर्षाच्या अर्जाला. तेव्हासुद्धा हिशोब करा: यजमानांचे ३,३६,०००, तुमचे बाराही महिने धरले तरी १,४४,०००. झाले ४,८०,०००. ८ लाखांना बरीच जागा आहे. कमाई लपवायचं काही कारणच नाही.

'पगारदार' या एका उत्तरावरून अर्ज परत आलेला मी पाहिलेला नाही. परत येतात ते आधार बँकेला जोडलेलं नसतं म्हणून, दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असते म्हणून, आणि बायकांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नावामुळे. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी, एकात वडिलांचं नाव मधे तर दुसऱ्यात नवऱ्याचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडलंय का ते बघा, मग पगाराची काळजी करा.

खाडीपलीकडची
राजपत्र आहे. पण हो टाकू की नाही? तेवढं एक सांगा ना.

हिशोबनीस
क्लासवाले पैसे कसे देणार? नेमणूकपत्र, पगारपत्रक, पीएफ असं काही आहे का, की 'प्रोफेशनल फी' म्हणून?

खाडीपलीकडची
नेमणूकपत्र वगैरे काही नाही. "टीडीएस कापून खात्यात टाकू" म्हणाले.

हिशोबनीस
मग ते तुम्हाला पगार देत नाहीयेत, व्यावसायिक मोबदला देतायत. आयकराचं कलम १९४जे, १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर. एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की कापतात. नोव्हेंबर ते मार्च पाच महिने धरले तर ६०,००० होतात, म्हणजे कापणार. नोकर म्हणून तुम्ही कुठे नाही, आज तर कामही सुरू नाही. 'नाही' हेच खरं उत्तर. कापलेले सहा हजार रिटर्न भरून परत मिळतील, एवढ्या उत्पन्नावर तुम्हाला कर बसत नाही.

अण्णा_कोपरी
रिटर्न भरू नका! रिटर्न भरला की आयकरदाते झालात. लाडकी बहीण बंद होईल. आमच्या चाळीत एकीची झाली.

हिशोबनीस
रिटर्न भरणं आणि कर भरणं वेगळं, अण्णा. परतावा मागणारा माणूस करदाता कसा?

अण्णा_कोपरी
कागदावर वेगळं. कॉम्प्युटरला कोण सांगणार?

तुर्भेकर
लाडकी बहीणचा विषय कोणी काढला? ताई, तुम्हाला मिळते का?

खाडीपलीकडची
मिळते. त्याचा इथे काय संबंध? पहिल्यापासून मिळतेय. केशरी रेशनकार्ड आहे आमचं, उत्पन्नाचा दाखला लागला नव्हता.

तुर्भेकर
आता खरा गुंता सापडला, आणि तो क्लासचा नाही.

लाडकी बहीणला कुटुंबाची मर्यादा २.५ लाख. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. पिवळ्या-केशरी कार्डाला सूट आहे ती *दाखला जोडण्यापासून*, मर्यादेपासून नाही. अर्जासोबत जे हमीपत्र दिलंत त्यात कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत असल्याचं लिहिलेलं होतं. आणि केशरी कार्ड मुळात एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला. इकडे महाडीबीटीला तुम्हीच तहसीलदारांच्या सहीने ३,३६,००० दाखवताय. एकाच आधारवर दोन उत्पन्नं. तुमचे १२,००० आले काय, नाही आले काय, तुम्ही आजच मर्यादेच्या बाहेर आहात.

खाडीपलीकडची
कार्ड सासऱ्यांच्या वेळचं आहे, तेव्हा ह्यांना आठ हजार मिळायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन-दोन गाड्या असलेल्या घेतात, त्यांना नाही कोणी विचारत. मी घर, मुलं, कॉलेज सगळं सांभाळून चार पैसे मिळवायला निघाले तर मलाच नियम.

मधुमालती
अगदी खरं बोललीस गं. ऐरोली ते ठाणे गाडी, तिथून रिक्षा, त्यात १५०० म्हणजे पास आणि झेरॉक्स. ज्यांनी उठता-बसता खाल्लंय त्यांना धरा आधी.

सरळमार्गी
दुसरे खातात म्हणून आपणही खायचं का? शिक्षिका होणार आहात ना?

मधुमालती
पनवेलला पाठवणाऱ्यांनी शिकवू नये.

हिशोबनीस
भांडण बाजूला. ताई, तपासणी चालू आहे. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थींचे हप्ते पडताळणीसाठी थांबवल्याचं सरकारनेच सांगितलं होतं. सप्टेंबरपासून ई-केवायसी सुरू झाली, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यावा लागतो. कशासाठी, ते कळलंच असेल. तुम्ही केलीत का?

खाडीपलीकडची
अजून नाही. ओटीपी येत नव्हता.

जाणकार७१
मी पहिल्यापासून सांगतोय, सरकारचे पैसे आणि काम एकत्र चालत नाही.

तुर्भेकर
काका, कामाचा प्रश्नच नाहीये यात. ती घरी बसली असती तरी हेच.

लेखनिक
माझ्या बाजूचं एवढंच सांगतो: लाडकी बहीणमुळे फी माफी अडत नाही. दोन्ही वेगळ्या खात्यांच्या योजना. १५०० टिकवायला म्हणून महाडीबीटीवर उत्पन्न कमी दाखवायच्या फंदात मात्र पडू नका, हे असे सल्ले सेतूच्या (दाखले मिळतात त्या केंद्राच्या) बाहेर उभे राहणारे एजंट देतात. अडीच लाखांच्या खालचा दाखला काढून देतो म्हणतील. तुम्हाला मर्यादा ८ लाख आहे, कमी दाखवून एक रुपया जास्त मिळत नाही. खोटा निघाला तर अख्ख्या वर्षाची फी भरायला लागेल.

गंगाधर_वाशी
माझ्या मते कमवा आणि शिका हाच खरा मार्ग. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा पोरं शेतात राबून शिकली. आता सगळ्यांना खात्यात हवंय.

तुर्भेकर
३८ वर्षांच्या बाईने कॉलेजच्या बागेला पाणी घालायचं का?

निवृत्त_गुरुजी
धागा वाचला. कोणीच विचारलं नाही ते विचारतो: हजेरीचं काय? बीएडला लेक्चर-प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के उपस्थिती लागते, एनसीटीईचा (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेचा) नियम आहे. आठवड्याला ३६ तास कॉलेज. पहिल्या वर्षी निभेल, दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत उभं राहायचंय. पाठाची टाचणं रात्री बसून काढावी लागतात, तक्ते करावे लागतात. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही आणि शिष्यवृत्तीही अडकेल. क्लास किती वाजता?

खाडीपलीकडची
सहा ते साडेआठ, पाचवी ते आठवी. कॉलेज साडेचारला सुटतं. ट्रान्स-हार्बर वेळेवर असेल तर साडेपाचला घणसोली.

निवृत्त_गुरुजी
मग जमेल. इंटर्नशिपच्या महिन्यांत सुट्टी लागेल हे क्लासवाल्यांकडून आत्ताच लिहून घ्या. तोंडी 'बघू' म्हणतात आणि ऐन वेळी दुसरी बाई ठेवतात.

नवी_पहाट
बीएड करून फायदा काय पण? टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायला लागते. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबरमध्ये नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही सांगितलंय.

निवृत्त_गुरुजी
१ सप्टेंबर २०२५ चा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांना दोन वर्षांत टीईटी. पहिली ते आठवीसाठी आहे ते. वीस-वीस वर्षं शिकवलेल्यांना परीक्षेला बसवताय, यावर बोलायला लागलो तर...

लेखनिक
नवीन धागा काढा गुरुजी, तिथे येतो.

अण्णा_कोपरी
त्यापेक्षा मुक्त विद्यापीठातून बीएड करा ना ताई. घरबसल्या. मग दिवसभर नोकरी.

लेखनिक
मुक्तचं बीएड नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी असतं अण्णा. आणि दूरशिक्षणाला ही फी माफी नाही. आणि तिचा प्रवेश झालेला आहे!

खाडीपलीकडची
अर्ज सबमिट केला. पगारदार – नाही. दाखला ३,३६,००० चाच लावला. लेखनिक आणि हिशोबनीस यांचे आभार. क्लासला हो कळवलंय, इंटर्नशिपच्या सुट्टीचं व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. लाडकी बहीणचं ह्यांच्याशी बोलून ठरवेन, त्यावर कृपया आता कोणी लिहू नका.

सरळमार्गी
ठरवायचं काय त्यात? ई-केवायसी करताना यजमानांचा आधार द्यावाच लागणार. त्यापेक्षा आधीच अर्ज देऊन लाभ सोडता येतो.

मधुमालती
ती नको म्हणाली ना लिहू.

गंगाधर_वाशी
त्या क्लासला गणिताचे सर हवेत का, विचारून सांगाल का ताई? रिटायर आहे, वाशीला राहतो, संध्याकाळी मोकळाच असतो. टीडीएस कापला तरी चालेल.