मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या खेड्यात घरामागची सार्वजनिक पायवाट अडली आहे, दाद कुणाकडे मागायची?

जाईजुई:

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या खेड्यांत राहणारं कुणी इथे असेल तर कृपया मार्ग सुचवा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही बर्मिंगहॅम सोडून तासाभराच्या अंतरावरच्या एका खेड्यात राहायला आलो. घरामागून एक पायवाट निघते. आधी मेंढ्यांचं कुरण, मग एक मोठं शेत, मग ओढ्यावरचा लाकडी साकव आणि पलीकडे शेजारचं गाव. दवाखाना आणि बसचा थांबा त्या गावात. वाटेने पंचवीस मिनिटं लागतात. मोटाररस्त्याने जायचं तर दोन मैल, कडेला चालायला वीतभरही जागा नाही आणि गाड्या सुसाट. घर बघायला आलो तेव्हा ही वाट बघूनच मी होकार दिला होता.

मार्चमध्ये माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. वय 71, गुडघे दुखतात, पण रोज चालल्याशिवाय तिला करमत नाही. आता अडचणी सांगते. कुरणाच्या कुंपणावरून चढून जायची जी लाकडी पायरी असते (इथे तिला स्टाईल म्हणतात), तिची खालची फळी फेब्रुवारीतच मोडली. आईला ते ओलांडणं शक्य नाही. पुढच्या शेतात ते मोहरीसारखं पिवळ्या फुलांचं तेलबियांचं पीक, रेपसीड, पेरलंय, तेही वाटेवरून, या बांधापासून त्या बांधापर्यंत. आता ते माझ्या खांद्याला लागतं आणि वाट कुठे होती ते कळतही नाही. साकवाच्या अलीकडून एक घोडेवाट फुटते, ब्रायडलवे. तिच्यावरच्या फाटकाला कुलूप आणि 'खासगी' अशी पाटी. आत एक झाड आडवं पडलेलं दिसतं.

काउन्सिलच्या संकेतस्थळावर फेब्रुवारीत पायरीची आणि एप्रिलमध्ये पिकाची तक्रार केली. आज जून उजाडला. दोन्हींपुढे 'नोंद झाली' एवढंच दिसतं.

हे काम नेमकं कुणाचं, काउन्सिलचं की शेतकऱ्याचं? पिकातून चाललो तर तो आमच्यावर खटला भरू शकतो का? गावात आमचं एकच भारतीय घर आहे. भांडखोर म्हणून नाव व्हायला नको, आणि आईला घरात कोंडूनही ठेवायचं नाही.

ग्लासगोकर:

मी स्कॉटलंडमध्ये असतो. इकडचा कायदा वेगळा आहे. 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जाता येतं. त्यामुळे इकडचा अनुभव तुम्हाला लागू होणार नाही. वाटाड्या यांना हाक मारा, ते इंग्लंडमध्ये हेच काम करतात.

वाटाड्या:

हाक पोचली. मी आमच्या पॅरिशचा (म्हणजे इथली गावपातळीवरची सर्वात लहान प्रशासकीय हद्द) फूटपाथ वॉर्डन, म्हणजे पायवाटांवर लक्ष ठेवणारा स्वयंसेवक आहे, बिनपगारी. गेली आठ वर्षं आमच्या गावच्या सगळ्या वाटा वर्षातून दोनदा चालून काउन्सिलला कळवतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, भांडखोर हा शब्द मनातून काढा. तुमच्या घरामागची वाट कुणाच्या मेहेरबानीवर चाललेली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती हायवे आहे, मोटारवेजितकीच. जमीन शेतकऱ्याची, पण तिच्यावरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. 1949 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला आपापल्या वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात. 1950 च्या दशकात गावोगावच्या पॅरिश काउन्सिलांनी त्यासाठी वाटा तपासून याद्या दिल्या. नकाशावर वाट आहे म्हणजे हक्क आहे, हा कोर्टात चालणारा निर्णायक पुरावा. इंग्लंड आणि वेल्स मिळून असं जाळं सुमारे 1,40,000 मैलांचं आहे.

त्या नकाशावर प्रत्येक वाटेला पॅरिशचं नाव आणि क्रमांक असतो. तुमची तक्रार पडून राहिली त्याचं एक कारण हे असू शकतं. 'आमच्या घरामागची वाट' असं लिहिलं तर चार माणसांच्या खात्यात ती शोधायला कुणाला वेळ नसतो. 'अमुक पॅरिश, फूटपाथ 14', ऑर्डनन्स सर्व्हेचा (सरकारी नकाशा संस्थेचा) ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा सांगणारा क्रमांक, आणि तारखेचा फोटो एवढं दिलं की तिला आकार येतो. बहुतेक काउन्सिल हा नकाशा ऑनलाइन दाखवतात. आणि काउन्सिल म्हणजे तुमची काउंटी (जिल्हा) काउन्सिल किंवा जिथे सगळी कामं एकच काउन्सिल बघते तिथली युनिटरी काउन्सिल, कारण रस्ते-वाटांची जबाबदारी असलेली हायवे अथॉरिटी तीच. काउंटीच्या खालच्या डिस्ट्रिक्ट काउन्सिलकडे गेलात तर चिठ्ठी फिरत बसते. पॅरिश काउन्सिलला पायवाटा दुरुस्त करता येतात, पण तसं बंधन तिच्यावर नाही.

आता काम कुणाचं ते सांगतो. पायाखालचा पृष्ठभाग काउन्सिलचा. वाटेवरच उगवलेलं गवत, खाजकुयलीसारखी अंगाची आग करणारी नेटल, हे तिनेच कापायचं. बाजूच्या कुंपणातून वाटेवर झुकलेल्या फांद्या मात्र जमीनमालकाने छाटायच्या. डांबरी रस्त्यावरून वाट जिथे फुटते तिथला दिशाफलक 1968 च्या कायद्याने काउन्सिलने लावायचा. पायरी आणि फाटक हे मालकाचं काम. ते सुरक्षित ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि योग्य खर्चाचा किमान चौथा हिस्सा काउन्सिलने द्यायचा असतो. पुष्कळ काउन्सिल त्याऐवजी फाटकाचं सामानच देतात. पडलेलं झाड ज्याच्या जमिनीतलं त्याने उचलायचं. नाही उचललं तर काउन्सिल ते काढून खर्च वसूल करू शकते.

पिकाबद्दल नियम अगदी स्पष्ट आहे. शेताच्या कडेने जाणारी वाट नांगरताच येत नाही. तुमच्यासारखी मधून जाणारी वाट नांगरता येते, पण माती हलवल्यापासून 14 दिवसांत ती पुन्हा चालण्यासारखी करून जमिनीवर दिसेल अशी आखून द्यावी लागते. त्यानंतरच्या मशागतीसाठी मुदत फक्त 24 तासांची. नोंदीत रुंदी दिलेली नसेल तर मधल्या फूटपाथला किमान 1 मीटर आणि ब्रायडलवेला 2 मीटर. कडेच्या वाटांना दीड आणि 3 मीटर. पीक त्या रुंदीत येऊ द्यायचं नाही. रेपसीड इथे ऑगस्ट-सप्टेंबरात पेरतात, म्हणजे तुमच्या शेतकऱ्याची मुदत गेल्या शरद ऋतूतच संपली.

तुम्ही पिकातून सरळ वाटेच्या रेषेवरून चालू शकता. तो गुन्हा नाही आणि नुकसानभरपाईही मागता येत नाही. कोयता घेऊन वाट मोकळी करायला म्हणून मात्र जाऊ नका. खरोखर पलीकडच्या गावाला निघाला असाल तर जाण्यापुरतंच बाजूला सारायचं.

जाईजुई:

वाटाड्या, मनापासून आभार. नकाशा सापडला, क्रमांकही मिळाला. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्याकडं पाणंद अशीच गेली. दर साली नांगराचं एक तास आत." (तास म्हणजे नांगराची एक ओळ.) तिच्या लहानपणी बैलगाडी जायची तिथे आता सायकल ढकलत न्यावी लागते.

घोडेवाटेचं काय करू?

टाप:

घोडेवाटेवर मी बोलते. बारा वर्षं झाली मला घोड्यावर बसून, माझी घोडी जवळच्याच तबेल्यात असते.

ब्रायडलवेवर चालणारे, घोडेस्वार आणि 1968 पासून सायकलवालेही जाऊ शकतात. सायकलवाल्यांनी इतर दोघांना आधी वाट द्यायची. खांबावरचा बाण बघा. पिवळा असेल तर फूटपाथ, निळा असेल तर ब्रायडलवे. निळ्या बाणाच्या वाटेवर कुलूपबंद फाटक म्हणजे सरळ अडथळा. चालणारा माणूस वेळेला फाटकावरून चढून जातो, घोडा काय करणार? आम्हाला मागे फिरून गाड्यांच्या रस्त्याला लागावं लागतं, आणि तिथे घोडा बुजला की जिवाशी गाठ.

फाटक तपासताना एक बघा. खाली न उतरता, एका हाताने कडी उघडता यायला हवी आणि फाटक आपोआप घोड्याच्या मागच्या पायांवर आदळायला नको. ब्रिटिश हॉर्स सोसायटीचे स्वयंसेवक अशा तक्रारींत मदत करतात, त्यांना जरूर कळवा.

आणि ती 'खासगी' पाटी. जमीन खासगी असतेच, प्रश्न वाटेचा आहे. नकाशावर नोंद असलेल्या वाटेवर लोकांना परतवणारी खोटी पाटी लावणं हाही 1949 च्या कायद्याने गुन्हा आहे. फोटो काढून ठेवा.

वाटाड्या:

टाप यांना अनुमोदन. कुलपासाठी एक कायदेशीर रस्ता आहे. हायवेज ॲक्ट 1980, कलम 130ए. ठराविक नमुन्यात काउन्सिललाच नोटीस द्यायची की अमुक अडथळा हटवा. महिन्याच्या आत त्यांना काय करणार ते तुम्हाला लेखी कळवावं लागतं. दोन महिन्यांत काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जाता येतं. पृष्ठभाग किंवा पूल नादुरुस्त असेल तर त्यासाठी वेगळं कलम आहे, 56.

पण हे आज करू नका. आधी शेतकऱ्याला भेटा. माझ्या आठ वर्षांत दहापैकी सात अडथळे नुसत्या बोलण्याने सुटले असतील. जमीन खंडाने दिलेली असते, फवारणी ठेकेदार करतो, आणि वाट राहून गेली हे मालकाला माहीतही नसतं. मे-जूनच्या गडबडीत ट्रॅक्टर अडवून बोलू नका, संध्याकाळी घरी जा.

काउन्सिलकडूनही थोडं समजून घ्या. शेकडो मैल वाटा आणि माणसं हाताच्या बोटांवर. म्हणून बहुतेक ठिकाणी प्राधान्य लावतात. जीवाला धोका असेल ते आधी, मग शाळा-दवाखान्याकडे जाणाऱ्या किंवा वर्दळीच्या वाटा, मग उरलेल्या. तुमची वाट दवाखान्याकडे जाते हे तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहा. मोटाररस्त्याला चालायला कडा नाही हेही. एकाच घरातून दहा तक्रारी जाण्यापेक्षा दहा घरांतून एकेक गेलेली बरी. पॅरिश काउन्सिलच्या बैठकीत सुरुवातीला बहुधा लोकांना बोलायला वेळ देतात, तिथे उभ्या राहा.

एक विनंती, पायरी दुरुस्त करा म्हणू नका. त्या जागी फाटक मागा. वय झालेल्यांना आणि लहान मुलांना चढायला लागू नये, म्हणून काउन्सिल आता पायरीपेक्षा फाटकाकडे झुकतात. मालकाची संमती लागते, पण मेंढ्या बाहेर जात नाहीत हे पटलं की ते बहुधा तयार होतात.

पंचगंगाकाठ:

ताई, तुमच्या आईचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडं बी हेच दुखणं आहे. गाव नकाशा बघितला तर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक म्हणजे पायवाट. नकाशात रेषा असते, शिवारात ऊस असतो. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला तहसीलदाराकडं मामलेदार कोर्ट कायदा 1906 च्या कलम 5 खाली अर्ज करता येतो. बांधावरनं नवीन वाट मागायची तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत मामलेदार कोर्टात जावं लागतं, हे लोकांना माहीत नसतं आणि मुदत निघून जाते. मी स्वतः तसाच हुकलो. म्हणून सांगतो, तारखा लिहून ठेवा.

टाप:

अजून एक, आईंसाठी. कुरणात कधी मेंढ्यांऐवजी गाई सोडल्या तर सांभाळून. दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू सार्वजनिक वाट असलेल्या शेतात ठेवायला 1981 च्या कायद्याने बंदी आहे, पण इतर जातींचा वळू गाईंबरोबर ठेवता येतो. खरा धोका वासरं बरोबर असलेल्या गाईंचा, त्यातही सोबत कुत्रा असला तर. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नये, लांबून वळसा घालावा.

जाईजुई:

हे बरं झालं सांगितलंत. आईच्या माहेरी दहा म्हशी होत्या. दिसेल त्या गाईच्या गळ्याला हात लावायला जाते. आजच तिला बजावते.

जाईजुई (तीन आठवड्यांनंतर):

काय काय झालं ते कळवते, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

रविवारी संध्याकाळी आई आणि मी शेतकऱ्याकडे गेलो. जाताना आईने केलेली करंजी नेली. साठीचे गृहस्थ आहेत. मी नकाशाची प्रत टेबलावर ठेवली आणि सांगितलं की दवाखान्याला जायला आम्हाला दुसरी वाट नाही. ते थोडा वेळ नकाशाकडे बघत राहिले. पेरणी ठेकेदाराकडे होती, म्हणाले. आईने मला मराठीत सांगितलं, "त्यांना विचार, ओल किती आहे?" मी विचारलं, आणि पुढचा अर्धा तास पावसावर आणि रेपच्या शेंगा कधी फुटतात यावर गेला.

चौथ्या दिवशी शेतातून सरळ साकवापर्यंत पट्टा कापलेला होता. मी पावलांनी मोजला, मीटरपेक्षा थोडा जास्तच आहे. पायरीच्या जागी फाटक लावायला ते तयार आहेत. काउन्सिलने सामान द्यायचं आणि बसवायचं काम त्यांनी करायचं. मी क्रमांक, ग्रिड रेफरन्स आणि दवाखान्याचं कारण घालून नवी तक्रार केली. नऊ दिवसांत एका अधिकाऱ्याचा फोन आला, सप्टेंबरपर्यंत फाटक येईल म्हणाले. आईचं परतीचं विमान 12 सप्टेंबरला आहे. तोवर खालच्या मोडक्या फळीजागी शेतकऱ्याने एक जाड ओंडका ठेवलाय, माझा हात धरून आई पलीकडे जाते.

पॅरिशच्या बैठकीतही बोलले. आवाज कापत होता. नंतर दोन बायका जवळ येऊन म्हणाल्या की त्यांनीही दोन वर्षांपासून ती वाट सोडून दिली होती. त्या आता आपापल्या नावाने लिहिणार आहेत.

घोडेवाट तशीच आहे. तो मालक वेगळा, दोनदा गेले तर भेटला नाही, पत्राला उत्तर नाही. पाटी अजून आहे. 130एचा नमुना उतरवून घेतलाय, या शुक्रवारी पाठवते. तारीख फ्रिजवर लिहून ठेवली आहे.

एक शेवटचं विचारते. साकवाची मधली फळी पाय ठेवला की हलते. तो साकव कुणाचा?

वाटाड्या:

बहुधा काउन्सिलचा. सार्वजनिक वाटेवरचे पूल सहसा तिच्याकडेच असतात, आणि हलणारी फळी धोक्याच्या यादीत येते. आजच कळवा. फोटो काढताना फळीशेजारी मोजपट्टी ठेवा, आणि आई पलीकडे जाताना तो भाग दाखवून ठेवा.