उंदराचा डोस माणसाला तसाच लागत नसतो
वर एका भाऊंनी लिहिलंय की उंदरांना कडुलिंबाच्या पाल्याचा अर्क दिला अन् शुगर उतरली, म्हणून त्यांच्या घरी आता वडील रोज सकाळी ग्लासभर काढा प्यायलेत. जरा थांबा की हो. त्या उंदरांना बहुतेक वेळा स्ट्रेप्टोझोटोसिन नाहीतर अ‍ॅलॉक्सनचं इंजेक्शन देऊन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारलेल्या असतात, पन्नाशीनंतर लागलेली शुगर ही वेगळी भानगड आहे. अन् रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) डोसचा मिलिग्रॅम-प्रति-किलोचा आकडा माणसासाठी साधारण ६.२ नं भागतात, तेबी माणसांवरच्या ट्रायलच्या अंदाजापुरतं, घरी काढा उकळायला नाही.

जनावर बदललं की हिशोबच बदलतो. सुबाभूळच घ्या, उन्हाळ्यात चारा संपला की आपल्याकडं शेळ्यांपुढं टाकतातच, त्यातलं मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य त्यांच्या पोटातले जंतू बरंचसं मोडून टाकतात, तोच पाला सशाला जास्त झाला की केस गळायला लागतात. परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजातल्या कुणालाबी विचारा.

कडुलिंबानं नर उंदरांची प्रजननक्षमता घटल्याचंबी अभ्यासांत दिसलंय, ते मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ढकलत नाही! भाऊ, वडलांना शुगरची गोळी चालू असंल तर काढ्याचं आधी डॉक्टरच्या कानावर घाला, दोन्ही मिळून शुगर एकदम खाली जाऊ शकते.