जुना लॅपटॉप: पेटी की भंगार?

आडवासूर
गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. आजोबांची न वाजणारी पेटी आणि माझा २०१३ सालचा लॅपटॉप. पेटी दुरुस्तीला गेली. लॅपटॉपला विंडोज ११ चालत नाही (इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असला की बहुधा त्यांच्या यादीत बसत नाही), आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले. बायको म्हणाली, भंगारवाला रविवारी येतो.

मी दिला नाही. त्यात एसएसडी (वेगवान डिस्क) आणि लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकलं, वायफाय बंद केलं. त्यावर आता तीनच गोष्टी आहेत: सर्ज आणि डेक्स्ड हे दोन सिंथ (संगणकातच आवाज तयार करणारी वाद्यं), आणि गिटारसाठी गिटारिक्स. सगळं फुकटातलं. की-बोर्डची मिडी केबल (तिच्यातून आवाज नाही, कोणती पट्टी कधी दाबली एवढंच जातं) लॅपटॉपच्या जुन्या इंटरफेसला (आवाज संगणकात आत-बाहेर नेणारा डबा) जाते, आणि तिथून दोन वायरींनी आवाज मुख्य इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये येतो. मुख्य संगणकावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू असतं. त्याला वाटतं बाहेर कुणीतरी सिंथ घेऊन बसलंय.

फायदा काय? एक, मुख्य प्रोजेक्टमध्ये चाळीस ट्रॅक असोत, बफर (आवाजाचा जो तुकडा संगणक एका वेळी हाताळतो, तो मोठा तर आवाज उशिरा) ५१२ वर असो, वाजवताना मला त्याच्याशी घेणंदेणं नाही. लॅपटॉप ६४ च्या बफरवर चालतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला दर बफरमागे १.३ मिलिसेकंद, आणि तो आवाज मी मुख्य संगणकातून न नेता थेट इंटरफेसमधून (डायरेक्ट मॉनिटरिंग) ऐकतो. दोन, जे वाजवलं ते तिथल्या तिथे ऑडिओ म्हणून उतरतं. नंतर रात्री दीड वाजता फिल्टरची मूठ (आवाजाची धार बदलणारं बटण) पिळत बसायची सोय उरत नाही. माझी गाणी यामुळे पुरी व्हायला लागली आहेत, आधी होत नव्हती.

माझं मत: ज्याच्याकडे जुनं मशीन पडून आहे त्याने नवा सिंथ घेण्याआधी हे करून बघावं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर बोला.

निषाद_कोमल
पटत नाही, म्हणून बोलतो.

२००४-०५ मध्ये मी ज्या स्टुडिओत होतो तिथे एका रॅकमध्ये चार पीसी नुसते व्हायोलिन आणि चेलो वाजवायला ठेवलेले होते. रेकॉर्ड केलेले वाद्यांचे सूर (सॅम्पल) वाजवणारं गिगास्टुडिओ चालायचं त्यांच्यावर. तेव्हा त्याला सबळ कारण होतं. ३२-बिट विंडोजवर एका प्रोग्रामला साधारण २ जीबी मेमरी मिळायची, त्यात एका ऑर्केस्ट्राचे सॅम्पल मावायचे नाहीत. मग दुसरं मशीन घ्या, तिसरं घ्या. रोज सकाळी चारही चालू करून सगळे आवाज लोड व्हायला चहा-नाश्ता उरकायचा. एकाने मान टाकली की अख्खा व्हायोलिन विभाग गप्प. आता ६४-बिट मशीनवर ३२ जीबी रॅम टाकून तेच काम टेबलावरच्या एका डब्यात होतं. ज्या दुखण्यावर ते औषध होतं ते दुखणंच गेलं, आणि तू अजून औषध घेतोयस.

तुझ्या दोन्ही फायद्यांना एकच उत्तर, फ्रीझ. रीपर असो, दुसरं काही असो, ट्रॅक फ्रीझ केला की ऑडिओ होतो, प्रोसेसर मोकळा होतो, आणि हवं तेव्हा परत उघडता येतो. मूठ पिळायची सवय जात नसेल तर तो प्रश्न लॅपटॉपचा नाही.

आता खरी गोष्ट. मागच्या वर्षी मी एक गणपतीचं गाणं केलं, काळी एक पट्टीत. या वर्षी मंडळाने गायिका बदलली, तिला काळी चार हवी. माझ्याकडे सगळं मिडी होतं. पट्टी सरकवली, दोन जागी सूर अंगावर येत होते ते सप्तक खाली घेतले, दुपारपर्यंत ट्रॅक पाठवला. तुझ्याकडे छापलेला ऑडिओ असता तर काय केलं असतंस? ऑडिओ ताणून सात अर्धस्वर वर नेलास तर सिंथची पिपाणी होते.

रात्रपाळी
निषाद, फ्रीझ हे वाजवून झाल्यावरचं आहे. वाजवतानाच्या लेटन्सीला (आवाज यायला होणाऱ्या उशिराला) त्याचा उपयोग नाही. आडवासूर बफरबद्दल बोलतोय.

निषाद_कोमल
मिक्सच्या वेळी बफर वाढव, वाजवताना कमी कर. लोक वीस वर्षं हेच करतायत. आणि लेटन्सीचा बाऊ किती करायचा? तबलजी दहा फुटांवर बसला तर त्याचा आवाज तुमच्या कानाशी यायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. बैठकीत कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

रात्रपाळी
तबलजीचा आवाज उशिरा येणं वेगळं आणि माझ्याच बोटाखालचा सूर उशिरा येणं वेगळं. कधीतरी हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज १२ मिलिसेकंद मागे ऐकत एक अंतरा गाऊन बघ.

वायरमन
सिद्धांत राहू द्या. दोन मशीन, दोन ॲडॉप्टर आणि मध्ये साध्या वायरी म्हटलं की घूंऽऽ आवाज येतोच. आडवासूर, तुमच्याकडे आला नाही?

आडवासूर
आला ना. पहिले दोन दिवस ५० हर्ट्झची घरघर आणि तिच्यावर लॅपटॉपची किरकिर, माउस हलवला की सूर बदलायची. चार्जर काढून बॅटरीवर चालवला की गप्प.

भटका_कुत्रा
सोप्पं आहे. चार्जरच्या तीन पिनांतली जाडी पिन कापून टाका. आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये सगळे तसंच करायचे.

वायरमन
हे कुणीही करू नये. ती जाडी पिन अर्थची असते. ॲडॉप्टरमध्ये बिघाड झाला तर करंटला जायला तीच वाट असते. ती नसली की वाट तुमच्यातून. गिटारच्या तारा हातात आणि ओठ माइकला लागलेले, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

बरोबर इलाज: दोन्ही मशीन एकाच बोर्डावर घ्या. इंटरफेसना बॅलन्स्ड (घरघर गाळणाऱ्या जोडणीची) सोय असेल तर टीआरएस (तीन जोडांची) केबल वापरा. तरी राहिलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय किंवा आयसोलेटर (विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारा डबा) घाला. दोन्हींना ऑप्टिकल असेल तर प्रश्नच मिटला, त्यातून उजेड जातो, वीज नाही. मात्र ऑप्टिकल किंवा एसपीडीआयएफ या डिजिटल वायरीने जोडलंत की घेणाऱ्या इंटरफेसचं क्लॉक (आतलं घड्याळ) बाहेरच्यावर लावा. नाहीतर दर थोड्या वेळाने टिक, टिक. निम्मे लोक मग केबलला शिव्या देतात.

आडवासूर
मी आयसोलेटर लावला. घरघर गेली, किरकिर अगदी बारीक राहिली आहे, गाण्यात ऐकू येत नाही. आणि काका, पिन कापायचा विचार मनात येऊन गेला होता, खोटं कशाला बोलू.

पेटीवाली
तुम्हा सगळ्यांचा सिंथ आहे, त्याला माइक लागत नाही. मी पेटी आणि गळा रेकॉर्ड करते, वन बीएचकेमध्ये. माझा शत्रू लेटन्सी नाही, पंखा आहे. एका संगणकाचा पंखा मी सतरंजी लटकवून कसाबसा आवरलाय, आणि तुम्ही म्हणता दुसरा आणा!

तरी दुसरं मशीन माझ्याकडे आहे, पण ते स्वयंपाकघरात. मधून पंधरा मीटर लॅन केबल भिंतीच्या कडेने नेली आहे. ऑडिओग्रिडर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, जड रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) वगैरे त्या मशीनवर चालतो आणि इथल्या रीपरमध्ये नुसती खिडकी उघडते. त्याने उशीर वाढतो, पण मी ते मिक्सलाच वापरते, तिथे रीपर भरपाई करतं. वायफायवर करून बघितलं होतं, शेजारच्यांची मालिका सुरू झाली की आवाज तुटायचा.

बाकी तानपुरा आणि ठेका म्हणाल तर जुना फोन पुरतो. त्यालाही तुम्ही आउटबोर्ड गिअर (संगणकाबाहेरचं यंत्र) म्हणणार असाल तर मी पण हाय-फाय आहे.

जर्सीवाला
इकडे सिनेमाला पार्श्वसंगीत देणारे काही जण अजून दुसरं मशीन ठेवतात, व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो हे वाद्यं भरून ठेवणारं सॉफ्टवेअर लावून. ताकदीपेक्षा कारण हे की शेकडो वाद्यं तिथे लोड होऊन राहतात, इथे एक प्रोजेक्ट बंद करून दुसरा उघडला तरी ती हलत नाहीत. निषादचा चहा-नाश्ता वाचतो. घरी चार गाणी करणाऱ्याला याची गरज नाही.

निषाद_कोमल
पेटीवाली आणि जर्सीवाला जे सांगतायत ते मला मान्य आहे. तिथे काम आहे म्हणून मशीन आहे. धागालेखकाचं उलट आहे. मशीन पडलं होतं म्हणून काम शोधलं. काळी चारचं उत्तर अजून आलेलं नाही.

आडवासूर
देतो. तुमचा वार बसला, म्हणून आता की-बोर्डची मिडी पुढे पाठवून (थ्रू) मुख्य मशीनवरही घेतो. एका ट्रॅकवर ऑडिओ, खालच्यावर म्यूट केलेली मिडी. पॅचचं (निवडलेल्या आवाजाचं) नाव ट्रॅकच्या नावातच लिहितो. पट्टी बदलायची वेळ आली तर मिडी सरकवून लॅपटॉपकडे पाठवायची आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं. चार मिनिटांच्या गाण्याला दर ट्रॅकमागे चार मिनिटं जातील, कबूल. तुमच्याएवढं लवकर होणार नाही.

आणखी एक कबुली. मुख्य मशीनवरचा गळ्याचा ट्रॅक लॅपटॉपला पाठवून इफेक्ट लावून परत घ्यायचा प्रयोग काल केला. रीपरच्या रीआ-इन्सर्ट या प्लगिनने फेरी (आवाज जाऊन परत यायचा वेळ) मोजली, दोन्हीकडे १२८ चा बफर ठेवून १५ मिलिसेकंदांच्या आसपास. शिवाय आवाज दोनदा ॲनालॉग होऊन आला आणि ती बारीक किरकिर घेऊन आला. इफेक्टचा डबा म्हणून हे बाद. वाद्य म्हणून मात्र मी सोडणार नाही. ते चालू केलं की मेल नाही, ब्राउझर नाही, दोनशे प्लगिनची यादी नाही. तीन आवाज आहेत, त्यातच भागवायचं. फ्रीझने हे होत नाही, निषाद.

निषाद_कोमल
मग ते दुसरं मशीन नाही, तुझं शिस्तीचं छडीपट्टी मास्तर आहे. असो. एक गाणं दोन्ही पद्धतीने करून टाक इथे, नावं न लिहिता. ओळखलं तर मी जिंकलो.

रात्रपाळी
आणि नाही ओळखलं तर?

निषाद_कोमल
तर हेडफोन खराब होते.

पेटीवाली
माळ्यावरच्या खऱ्या पेटीचं काय झालं?

आडवासूर
भाता बदलून झाला. खर्जातला पंचम अजून चिकटतोय. दुरुस्तीवाला म्हणतो, पावसाळा संपू द्या, मग आणा.