कलेजीत पानासारखे किडे निघाले, थोडी खाऊन पण झालीये

व्हाळापलीकडचा:
गटारीला वाडीत बोकड कापला, आमचा वाटा घरी आला. कलेजी मीच कापत होतो, तर आतल्या नळ्या जाड आणि निबर लागल्या, दाबल्यावर त्यातून चपटं पानासारखं काहीतरी सरकत बाहेर आलं, बोटाच्या दोन पेरांएवढं, मळकट तपकिरी. एक नाही, सात-आठ. त्याआधी तव्यावरचे दोन-तीन तुकडे मी चाखलेले आणि ते आतून लालच होते 😖 काका म्हणतात असतं तसं, धू आणि टाक परत तव्यावर. आईने बाकीची कलेजी मोत्यापुढे टाकली. दोन किडे मी लोणच्याच्या बरणीत मिठाच्या पाण्यात ठेवलेत. नेटवर वाचल्यापासून उजव्या कुशीत दुखतंय असं वाटतंय. कोणाला माहितीये का हे काय आहे?

गुरांचा दवाखाना, रिटायर्ड:
वर्णनावरून लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा किडा. आपल्याकडे बहुतेक करून फॅसिओला जायगँटिका ही जात. पहिलं म्हणजे झोपा शांत, कलेजीतला मोठा किडा खाल्ला म्हणून तो तुमच्या यकृतात जाऊन बसत नाही, पोटात पचून जातो. एक गंमत मात्र होते, त्याची अंडी तशीच शौचातून बाहेर पडतात आणि या आठवड्यात तपासणी केलीत तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना कलेजी खाल्ल्याचं सांगा, थोडे दिवस कलेजी बंद ठेवून मग परत तपासा.
खरी लागण पाण्याच्या कडेला होते. शेळीच्या लेंडीतून अंडी पाण्यात, अंड्यातून अळी, ती घुसते गोगलगायीत, तिच्यात वाढून दीड-दोन महिन्यांनी बाहेर येते आणि गवताला, पानाला टिंबाएवढा कोष करून चिकटते. तो कोष पोटात गेला की काम झालं. भाताच्या खाचरात पाणी, गोगलगाय आणि चरणारं जनावर तिन्ही एकत्र, अजून काय पाहिजे त्याला! ज्यांचा बोकड होता त्यांना सांगा, बाकीच्या शेळ्यांच्या जबड्याखाली सूज असली तर लगेच दाखवा, आणि बरणी पण दवाखान्यात न्या.

सड्यावरची:
मग माणसाला होतो तो पाल्यातून? आम्ही व्हाळाच्या कडेची एकपानी ब्राह्मी तोडून कच्चीच चटणी करतो, वर्षानुवर्षं 😳

गुरांचा दवाखाना, रिटायर्ड:
हो, तीच वाट. टाकळा, भारंगी, अळू आपण शिजवतो म्हणून सुटतो, शिजवलं की कोष मरतो. नुसतं धुऊन भरवसा नाही, चिकटून बसतो तो. ब्राह्मी कुंडीत लावा ना, विहिरीचं पाणी घाला. व्हाळाचं पाणी पण उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि १० फेब्रुवारीला शाळेत देतात ती अल्बेंडाझोलची जंताची गोळी घेऊन निवांत बसू नका, या किड्यावर ती नीट चालत नाही, माणसासाठी ट्रायक्लाबेंडाझोल असतं आणि ते डॉक्टरनेच द्यायचं. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असं एकत्र दिसलं तर दाखवायचंच.

मालवणकर५६:
रे तुका काय होवचा नाय. पण मोत्याक कलेजी घातलंस तां चुकलंच. आमच्या मावशीच्या यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली, सोनोग्राफी केलेली भलत्याच कारणासाठी. हायडॅटिड म्हणतात, हा वेगळा किडा. बकऱ्याच्या कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याचे फुगे असले आणि ते कुत्र्याने खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात, त्यांची अंडी त्याच्या शीतून अंगणात, तिथून आपल्या हाताला, भाजीला. गाठ वाढायला वर्षं जातात, कळत सुद्धा नाही. डॉक्टरने पहिला प्रश्न काय विचारला तर घरात कुत्रे किती! ऑपरेशनला पण जपून, गाठ आत फुटली तर जोरदार ॲलर्जी येऊ शकते आणि सांडलेल्या पाण्यातून नव्या गाठी धरतात. तेव्हापासून आम्ही कुत्र्याला असलं काही घालायचं तर चांगलं उकळून, आणि त्याला प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध दर ३ महिन्यांनी. खराब निघालेलं खोल पुरायचं, उकिरड्यावर नाही.

सड्यावरची:
आणि मासे? कुठेतरी वाचलं की माशातून पण यकृतात किडे जातात.

मालवणकर५६:
तां थायलंड, लाओस, चीनकडे, नदीतले मासे कच्चे खातात तिथे. आपलो बांगडो समुद्रातलो आणि तिकल्यात उकळलेलो. खुशाल खा.

व्हाळापलीकडचा:
सगळ्यांचे आभार 🙏 दुखायचं थांबलं, म्हणजे बहुतेक नव्हतंच. कलेजीत पाण्याचे फुगे नव्हते, पण मोत्याला उद्या दवाखान्यात नेतोच, बरणी पण. आई मघापासून विचारतेय, लोणच्याची बरणी कुठाय.